मास्तर कोणाला म्हणायचं

मास्तर हा शब्द माझा आहे. हक्काचा. या शब्दासाठी मी ट्रेनिंग कॉलेजच्या खानावळीतलं पाणचट वरण गिळलं, परीक्षा दिल्या, आणि तेव्हापासून नांदुऱ्याच्या शाळेत पोट्ट्यांपुढं डोकं फोडतो आहे. पण आमच्या गावाला त्याची काही कदर? नाव नको! गावानं हा शब्द लग्नातल्या अक्षतांसारखा वाटून टाकला आहे. ज्याच्या मुठीत आला तो मास्तर.

तुम्ही बाजाराच्या दिवशी स्टेशन रोडवर उभे राहा आणि नुसती हाक मारा, 'ओ मास्तर!' मी वळेन. पोस्टमास्तर खिडकीतून मान काढतील. स्टेशनमास्तर पान खायला ठेल्यावर आले असतील तर तेही वळतील. बँडचे पुंजाजी, तेही मास्तर. भजनात पेटी वाजवतो तो पेटीमास्तर. कापसाच्या जिनात इंजिन दुरुस्त करणारा, हॉटेलात कढईपुढं बसून भजी काढणारा, सगळे मास्तर. एका साली सर्कस आली, तर म्हाताऱ्या सिंहाला चाबूक दाखवणारा तोही मास्तर निघाला, आणि दुसऱ्या दिवशी पोट्टे माझ्याकडं वेगळ्याच आदरानं पाहायला लागले. बरं, एखादं कार्टं लबाडी करताना सापडावं, तर त्याचा बाप शाळेत येऊन पोराला कौतुकानं म्हणतो, "लय मास्तर हायेस बे तू!" म्हणजे चोरही मास्तर आणि चोर पकडणाराही मास्तर. काय बोलावं माणसानं?

मी पोट्ट्यांना इंग्रजी शिकवतो म्हणून मला ठाऊक, मुळात या शब्दाचा अर्थ धनी, मालक, ज्याचं चालतं तो. मग शिकवणारा, मग हुन्नरात मुरलेला. साहेबांच्या देशात कुत्र्याच्या मालकालाही मास्तरच म्हणतात, आता बोला. साहेब गेले, महाराष्ट्र झाला, कचेरीतल्या पाट्या मराठीत झाल्या, पण हा शब्द काही साहेबाबरोबर गेला नाही. तो आमच्याकडं राहिला, जेवला आणि घरचाच झाला.

आणि आता माझी खरी तक्रार ऐका. इतक्या जणांना फुकट वाटलेला हा शब्द एका बाईला द्यायची वेळ आली, तेव्हा गावानं मूठ आवळून धरली. ती मूठ कशी सुटली, ते मी माझ्या ओट्यावरून पाहिलं आहे. तेच सांगतो.

माझ्या घरासमोर इंद्रभानचं दुकान. इंद्रभान टेलर मास्तर. गळ्यात टेप, कानावर खडूचा तुकडा, पायाखाली मशीन. त्याला मास्तर म्हणताना मला कधी जड गेलं नाही, कारण एकदा कात्री हातात घेतली की हा माणूस कोणाच्या बापाचं ऐकत नसे. दुकानात मागं निळा पडदा, आणि पडद्यामागं त्याची बायको कौशल्याबाई. काज, बटण, तुरपाई, फाटक्याला ठिगळ, सगळं पडद्यामागं तिच्या हातून व्हायचं. पुढं पुढं कापड बेतायलाही तीच बसायला लागली, पण ते बाहेर कोणाला माहीत नव्हतं. लोक तिला मास्तरीणबाई म्हणत. माझी बायको विमलबाई, तीही मास्तरीणबाई. तिनं जन्मात कोणाला बाराखडी शिकवली नाही, मला मात्र रोज धडे देते. नवरा मास्तर, म्हणून बायको मास्तरीण, इतका सोपा हिशेब.

एका पावसाळ्यात इंद्रभानला विषमज्वर झाला, आणि पोळ्याच्या आधी माणूस गेला. दिवसपाणी झालं. कौशल्याबाईचं कपाळ पुसलं गेलं आणि त्याबरोबर तो शब्दही पुसला गेला. त्या दिवसापासून ती नुसती कौशल्याबाई. मला ते टोचलं, अजूनही टोचतं. नवऱ्यामागं विमलबाईचंही असंच होणार का, असा प्रश्न मी घरात विचारला, आणि विमलबाईनं माझ्या पानातली चटणी काढून घेतली.

इंद्रभानचे थोरले भाऊ नारायणराव. ज्ञानगंगेच्या काठी त्यांचा वांग्या-मिरच्यांचा मळा, आणि दुकानाची जागा त्यांच्याच नावावर. वाईट माणूस नव्हे हो, पण एकदा म्हटलं की म्हटलं. ते कौशल्याबाईचे भासरे. आमच्याकडं नवऱ्याच्या थोरल्या भावासमोर, म्हणजे भासऱ्यासमोर, बाई डोक्यावर पदर घेते आणि तोंडाला तोंड देऊन बोलत नाही. तोही तिच्याशी थेट बोलत नाही. मग या दोघांचं बोलणं व्हायचं कसं? माझ्यातून! नारायणराव माझ्या ओट्यावर बसायचे, तोंड माझ्याकडं, आवाज दुकानाकडं. "मास्तर, तिले सांगा, मळ्यात चाल म्हना. दोन टायमाची भाकर आमाले जड नाई." रस्त्यापलीकडून पदराआडून उत्तर यायचं, "मास्तर, त्याइले सांगा, भाकर मी कमावून राह्यली." दोघांना एकमेकांचं स्वच्छ ऐकू यायचं, तरी मधे मी हवाच. चहा गार व्हायचा माझा.

पण खरं सांगायचं तर भाकर नीट मिळत नव्हती. बायका झंपर-परकर घेऊन यायच्या, लेकरांचे फ्रॉक यायचे, पण टेलरचं दुकान चालतं ते सदऱ्या-पायजम्यांवर. आणि गडी माणूस बाईपुढं हात पसरून माप द्यायला उभा राहणार? आमच्या नांदुऱ्यात? अहो, कापूस विकायला आलेले चांगले मिशाळ गडी दुकानाच्या पायरीपर्यंत यायचे, आत बाई दिसली की खोकून पुढं निघून जायचे. शेवटी तिनं तोड काढली. माप द्यायला येऊ नका म्हणाली, अंगाला बरोबर बसतो तो सदरा पाठवा, मी त्याच्यावरून बेतते. 'मापाचा सदरा' ही काही नवी गोष्ट नव्हे. परगावच्या गिऱ्हाइकासाठी इंद्रभानही तसंच करायचा. टेप तिनं इंद्रभानच्या फोटोशेजारी खिळ्याला लावून ठेवली होती. सदरा मोजायचा तेवढी काढायची, मोजून झालं की परत खिळ्याला. गळ्यात कधी घातली नाही.

माघ-फाल्गुनात नारायणरावांचा धीर संपला. माझ्या ओट्यावर बसून त्यांनी जाहीर केलं की आखाजीपर्यंत, म्हणजे अक्षय्य तृतीयेपर्यंत, वाट पाहणार. खामगावचा एक टेलर त्यांनी बोलून ठेवला होता. आखाजीच्या दिवशी तो येऊन दुकानात बसणार, आणि कौशल्याबाई मळ्यात जाणार. पलीकडं मशीन थांबली.

आणि अशात पुंजाजी मास्तर उगवले.

पुंजाजी म्हणजे आमच्या भागातला सगळ्यात मोठा बँड. माणूसही मोठा, पोटानं, मिशीनं आणि आवाजानं. क्लॅरोनेट तोंडाला लावलं की नवरदेवाची घोडी नाचायला लागते असा लौकिक. खामगावच्या एका तेलाच्या गिरणीवाल्याकडं लग्न ठरलं होतं, आणि त्यांनी पुंजाजीचा बँड सांगितला होता. वरपक्ष अकोल्याहून आपला बँड आणणार होता. दोन बँड समोरासमोर! म्हणजे काय होतं ते वऱ्हाडात राहणाऱ्याला सांगायला नको. जेवण राहतं बाजूला, लोक चौकात गोळा होतात, आणि एक बँड दमून गप्प होईपर्यंत दुसरा सोडत नाही. पुंजाजीनं त्यासाठी सगळ्या बँडला नवे लाल डगले शिवायचं ठरवलं, पिवळ्या किनारीचे. स्वतःच्या डगल्यावर सोनेरी कलाबतू. आणि कापडाचा गठ्ठा आणून टाकला तो थेट कौशल्याबाईच्या दुकानात. मागचे डगले इंद्रभाननं शिवले होते, नवे शिवायचा शब्दही त्यानंच दिला होता. घर तेच, मशीन तीच, असं पुंजाजीचं म्हणणं.

स्टेशन रोडवर हीच चर्चा. नारायणरावांनी ऐकलं आणि बाजारातून वांग्यांची रिकामी बंडी, म्हणजे बैलगाडी, घेऊन तसेच माझ्या ओट्यावर आले. म्हणाले, "मास्तर, तिले सांगा. हे डगले बराबर झाले त मी चूप. खामगाववाल्याले परत धाडतो. नाई झाले, त याच बंडीत मशीन." मी पलीकडं पाहिलं. कौशल्याबाईनं पदर सावरला आणि बोलली, "त्याइले सांगा, मंजूर." तिच्या बोटांत सुई अगदी शांत होती.

बँडवाले एकेक करून मापाचे सदरे आणून टाकायला लागले. हे सगळे वर्षभर वावरात राबणारे, लग्नसराईत वाजवणारे गडी. सदरा पायरीवर ठेवायचा, नाव सांगायचं आणि पळ काढायचा, जणू आत वाघीण बसली आहे. पडद्यामागं तिच्या हाती आजवर कपडे आले होते, माणसं नव्हे, म्हणून आला तो सदरा तिनं मोजला.

त्याच आठवड्यात बँडमधला ताशा वाजवणारा कडूबा माझ्याकडं आला. माझाच जुना विद्यार्थी, अंगानं ताशाची काडी. म्हणाला, सोयरिकीला पोरगी पाहायला जायचं आहे, तुमचा पांढरा सदरा एक दिवस द्या. माझी अंगलट तुम्ही पाहिली नाही. विमलबाई म्हणते, लोकांच्या घरी खुर्चीवर बसण्याआधी खुर्चीला विचारत जा. तो सदरा कडूबाच्या अंगात म्हणजे बुजगावण्याला तंबू. पण पोराचं लग्न जुळत असेल तर आपण काऊन आडवं यावं? दिला, आणि विसरून गेलो.

पुढचे दिवस काय सांगू! सकाळी मी उठायच्या आत मशीन सुरू. दुपारी शाळेतून येतो तर दुकानात लाल डोंगर. किनारी लागल्या, अस्तरं लागली, पितळी बटणं लागली. मी काही ना काही निमित्त काढून रस्ता ओलांडायचो. विमलबाई आधी चिडली, मग स्वतःच काज करायला जाऊन बसायला लागली. रस्त्यानं जाणारे लोक थांबून पाहायचे, आणि पायरीवर येऊन गेलेले ते मिशाळ गडीही मान लांब करून बघायचे. मला वाटलं, जमलं. बाई जिंकली!

लग्नाच्या आदल्या दिवशी सकाळी बँड डगले घालून पाहायला आला. सगळा स्टेशन रोड गोळा. नारायणराव बंडी घेऊन हजर, बैल सोडलेसुद्धा नव्हते.

पहिला डगला कडूबानं घातला. बाह्या गुडघ्यापर्यंत, खांदे कोपरावर, आत आणखी एक कडूबा मावेल. लोक हसले. दुसऱ्यानं घातला, तर त्याच्या बाह्या मनगटाच्या वर अडकल्या, खाली येईनात. तिसऱ्याचं बटण लागेना. चौथ्याचा डगला पोटावर घट्ट आणि पाठीत झोळी. एकही बसेना हो, एकही! शेवटी पुंजाजी मास्तरनी तो सोनेरी डगला हातात घेतला. एक हात घातला. दुसरा घालायला गेले आणि पाठीत टर्र झालं. हसण्याचा असा लोट उठला की स्टेशनातला हमाल धावत बाहेर आला.

कौशल्याबाई पांढरी पडली. डगला उलटा करून शिवण पाहते, सदरा त्याच्यावर ठेवते, सदरा बरोबर, डगला बरोबर, माणूस चूक! असं कसं व्हावं? नारायणरावांनी माझ्याकडं तोंड केलं, आणि या वेळी त्यांच्या आवाजात रागही नव्हता. म्हणाले, "सांगा तिले, मास्तर. झालं आता. मशीन उचलतो."

मी पुढं झालो, टेबलावर मापाच्या सदऱ्यांचा ढीग होता, त्यातला वरचा उगाच उचलला. पांढरा सदरा. कॉलरच्या आत विमलबाईनं घातलेला निळा टाका, धोब्याकडं बदलू नये म्हणून. मी तो टाका दोनदा पाहिला. मग असा काही ओरडलो की वर्गातही कधी ओरडलो नसेन. हा माझा सदरा! कडूबाच्या नावाखाली माझा सदरा!

कडूबाची मान खाली. मी दुसरा सदरा उचलला, हा कोणाचा? तो निघाला पोस्टातल्या शिपायाचा. तिसरा पाटलांच्या गड्याचा. चौथा कोणाच्या तरी मेव्हण्याचा. पुंजाजी मास्तरनी दिलेला तर त्यांच्या पाप्याचं पितर असलेल्या जावयाचा, लग्नात घेतलेला टेरिकॉटचा. एकानंही स्वतःचा सदरा दिला नव्हता. मी कडूबाचा कान धरला, मोठा झाला म्हणून काय झालं, आणि विचारलं, असं काऊन केलं? त्याच्या डोळ्यांत पाणी आलं.

"मास्तर, माह्याजवळ एकच सदरा. पाठीत फाटेल हाये. बाईमानसाच्या हातात फाटका सदरा कसा देवाव?"

सगळा बँड जमिनीकडं पाहत होता. प्रत्येकाला वाटलं होतं, आपण एकटेच असं करतो आहोत. एका सदऱ्यानं काय बिघडतं. गड्याच्या हातात फाटकं द्यायला लाज नव्हती. इंद्रभानच्या हातात वर्षानुवर्षं फाटकंच दिलं होतं. बाईच्या हातात द्यायची लाज. हसणारे लोकही गप्प झाले, कारण त्यांच्यातल्या कित्येकांनी तेच केलं असतं.

कौशल्याबाई उठली. मला वाटलं, रडणार. कसलं रडणं! डोक्यावरचा पदर तसाच, पण आवाज असा निघाला की रस्त्याच्या दोन्ही टोकांना जावा.

"आजवर तुमचे फाटके सदरे कोनं शिवले? पडद्यामांगं मीच बसेल व्हती. कोनाचं कोपर झिजते अन् कोनाची पाठ फाटते, मले सारं ठावं हाये. धड सदरे आले, त मले वाटलं लग्नासाठी नवे घेतले."

आणि तिनं खिळ्यावरची टेप काढली. एकदा इंद्रभानच्या फोटोकडं पाहिलं आणि टेप गळ्यात घातली. मग म्हणाली, या, एकेक जण पुढं या, माप द्या.

कोणी हलेना. भर रस्ता, लख्ख दिवस, भासरा समोर उभा, आणि बाई गड्यांच्या छातीला टेप लावणार? बँडवाले एकमेकांच्या मागं सरकायला लागले. नारायणरावांनी घसा साफ केला आणि माझ्याकडं वळले, मी मान फिरवली. हो, फिरवली. त्या दिवशी मी कोणाचा निरोप्या नव्हतो. ती तशीच उभी, टेपची दोन्ही टोकं हातात धरून.

मग पुंजाजी मास्तर पुढं आले. त्यांनी क्लॅरोनेट मशीनवर ठेवलं. टोपी काढून क्लॅरोनेटवर ठेवली. फाटकी कोपरी तशीच अंगात, काखेत भोक, तिच्यासकट दोन्ही हात आडवे पसरले आणि म्हणाले,

"घ्या मास्तर, माप घ्या."

मास्तर! तिला! पुंजाजी मास्तरच्या तोंडून, भर स्टेशन रोडवर! अहो, या शब्दाचा राखणदार मी, मला राग यायला हवा होता. अंगावर काटा आला. विमलबाई शेजारी उभी होती, तिनं माझ्याकडं पाहून पटकन डोळ्याला पदर लावला.

मग टेप पुंजाजींच्या छातीभोवती गेली. आणि पहिलीच गोष्ट काय म्हणाली? श्वास भरून घ्या, लांब सूर लावताना भरता तसा. छाती फुगली, तेव्हा तिनं माप घेतलं. खणखणीत आवाजात आकडा सांगितला. माझ्या खिशात खडू असतोच, मी दुकानाच्या फळीवर आकडा लिहिला. आणि मग काय! एक धीट झाला की दहा धीट होतात. कडूबा आला, त्याच्यामागं सगळे, हात पसरून, गुदगुल्या झाल्यासारखे हसत, फाटके सदरे मिरवत. ती माप सांगते, मी लिहितो, लोक आकड्यांवर थट्टा करतात. माझ्या आयुष्यात मी इतका भरलेला वर्ग पाहिला नाही.

मापं झाल्यावर तिनं डगले एका रांगेत लटकवले आणि माणसं दुसऱ्या रांगेत उभी केली. याचा डगला त्याला, त्याचा ह्याला. निम्मे डगले तर नुसत्या अदलाबदलीनं बसले. मोठे होते ते आत घेता येत होते. प्रश्न एकच होता, पुंजाजींचा. कापड संपलेलं, आणि एवढ्या छातीचा डगला आणायचा कुठून? तिनं रांगेवरून नजर फिरवली, एक डगला काढला आणि पुंजाजींच्या अंगावर चढवला. पोटावर बटण लागलं, खांद्यावर बसला, जणू त्यांच्यासाठीच शिवला होता. तो माझ्या सदऱ्यावरून बेतलेला, कडूबाच्या नावाचा डगला! सगळा रस्ता माझ्या पोटाकडं पाहून टाळ्या वाजवायला लागला. विमलबाईचा आवाज सगळ्यात मोठा. जावयाच्या मापाचा तो सोनेरी डगला पाठीत शिवून कडूबाला बसला. कलाबतू तेवढी उसवून माझ्या मापाच्या डगल्यावर चढवायची होती. आजूबाजूच्या बाया आपापल्या सुया घेऊन दुकानात शिरल्या. पडदा मधे यायला लागला, तर कोणीतरी तो काढूनच ठेवला. दिवे लागायच्या सुमाराला शेवटचं बटण लागलं.

नारायणराव कधी निघून गेले ते मला दिसलं नाही. बंडी रिकामीच गेली, इतकं खरं.

दुसऱ्या दिवशी मी बँडबरोबर खामगावला गेलो. जाणारच. जलंबला गाडी बदलली, तर फलाटावरचे लोक आमच्यासाठी वाट सोडतात, लाल डगले बघून. खामगावच्या चौकात दोन बँड समोरासमोर आले. अकोल्याचे डगले निळे, बरेच धुतलेले. तासभर चढाओढ चालली. मग पुंजाजींनी डोळे मिटले आणि सूर लावला, लांबवला, आणखी लांबवला. छाती फुगत चालली, सोनेरी कलाबतू वर चढत चालली, आणि माझं लक्ष सुरावर नव्हतंच, पाठीच्या शिवणीवर होतं. गजानन महाराजांचा धावा करत उभा होतो. शिवण हलली नाही. अकोल्याच्या बँड मास्तरनं आपलं वाद्य काखेत मारलं आणि येऊन पुंजाजींच्या पायाला हात लावला. आणि उठता उठता विचारलं, डगला कोण्या मास्तरनं शिवला?

परत आल्यावर बँड स्टेशनातून घरी गेलाच नाही. वाजवत वाजवत थेट दुकानासमोर. विधवा बाई, लग्नात तिला कोण बोलावणार? म्हणून लग्नच दारात आणलं म्हणा ना! कडूबा ताशावर तुटून पडला. पुंजाजींनी तो लांब सूर पुन्हा लावला. कौशल्याबाई उंबऱ्यात उभी राहिली, डोळे भरून वाहत होते, पुसतही नव्हती. वाजवणं थांबल्यावर कडूबाजवळ गेली, त्याची बाही ओढून पाहिली आणि म्हणाली, बोटभर लांब आहे, उद्या आणून दे.

मग आखाजी आली.

मी ओट्यावर बसलो होतो. पायरीवर आता गडी माणसं नंबर लावून उभी होती, हात पसरायची तालीम करत. रस्त्यानं एक नीटनेटका माणूस आला, बगलेत कात्रीची पेटी, मागं नारायणराव. खामगावचा टेलर. नारायणरावांनी त्याला परत धाडायला हवं होतं, धाडलं नव्हतं. शब्दाला जागणारा माणूस, शब्द विसरला की काय? पलीकडं कौशल्याबाईनं पाहिलं. डोक्यावर पदर घेतला, मशीन थांबवली नाही. टेप गळ्यात होती.

टेलरनं दुकान पाहिलं, गर्दी पाहिली, खूश झाला. पेटी पायरीवर ठेवली आणि नारायणरावांना विचारलं, मी कुठं बसू?

नारायणराव माझ्या ओट्याकडं आले नाहीत. रस्त्याच्या मधोमध उभे राहिले, नजर पायाशी, तोंड दुकानाकडं. आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले,

"मले काय इचारता? दुकान त्याइचं हाये. मास्तरले इचारा."

टेलर गोंधळून आत पाहायला लागला. बाईशिवाय आत कोणी नव्हतं. "मास्तर?" त्यानं चाचरत विचारलं.

"हाव," कौशल्याबाई म्हणाली. तिनं दोरा दातानं तोडला आणि त्याच्याकडं वर मान करून पाहिलं. "काज-बटन येते का?"